शेऱ्याच्या रकान्यात हरवलेली मुलगी : कामाच्या यादीत स्वतःचे रकाने कसे करावेत?



दिवाळीनंतर कल्याण, भिवंडी परिसरातल्या वीटभट्ट्या सुरू होतात. शहापूर, मुरबाडकडून कुटुंबं येतात आणि पावसाआधी परत जातात. त्यांच्या मुलांचा पाठपुरावा करण्यासाठी मी गुगल शीटमध्ये यादी केली होती. एक मूल म्हणजे एक ओळ, म्हणजेच एक काम. रकाने मात्र तीनच : नाव, इयत्ता, शेरा. बाकी सगळं शेऱ्यात!

जानेवारीत मी 'वीटभट्टी' शब्दाने यादी गाळली. चार नावं आली, चौघांकडे जाऊन आले. पाचवीच्या शेऱ्यात मीच घाईत 'विटभट्टी' लिहिलं होतं. वेलांटी पहिली झाली आणि ती मुलगी यादीतून गळली. दीड महिन्याने कळलं, ती भट्टीवर धाकट्या भावाला सांभाळत होती.

चूक माझी होती. त्यातून शिकले ते असं.

१. आधी प्रश्न, मग रकाना. 'या आठवड्यात कोणाकडे जायचं?' या प्रश्नाला जो रकाना उपयोगी नाही, तो नको. वीस रकाने केले तर कोणीच भरत नाही.

२. रकान्याचा प्रकार ठरवा.
- राहण्याचं ठिकाण : निवड यादी (वीटभट्टी, बांधकाम, वस्ती, इतर)
- वाचन स्तर : निवड यादी. 'प्रथम'च्या चाचणीतले प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट हे स्तर घेतले.
- शेवटची भेट : तारीख
- शिक्षण हमी पत्रक मिळालं? : चौकोनात टिक

३. निवड यादी करा. रकाना निवडा, 'इन्सर्ट'मधून 'ड्रॉपडाउन' घ्या, पर्याय लिहा. पुढे प्रगत पर्यायांत चुकीची नोंद नाकारण्याची सोय आहे, ती चालू करा. मग 'विटभट्टी' लिहिताच येत नाही. टिकेचा चौकोनही 'इन्सर्ट'मध्येच आहे. ट्रेलोमध्ये याच सोयीला 'कस्टम फील्ड' म्हणतात. तिथेही मजकूर, संख्या, तारीख, निवड यादी आणि टिक असे पाच प्रकार आहेत, पण ती सशुल्क योजनेत मिळते. आपल्याला शीट पुरते.

४. शेरा ठेवाच. 'आई रात्री उशिरा येते' हे कुठल्याच निवड यादीत बसत नाही. फक्त ज्यावरून शोधायचं, ते शेऱ्यात लिहू नका.

५. काय लिहायचं नाही, तेही ठरवा. घरातलं व्यसन, भांडणं, आजार यांचे रकाने करू नयेत. शीट 'लिंक असलेल्या कोणालाही' खुली ठेवू नये. पालकांनीही विचारावं, माझ्या मुलाची कोणती माहिती, कोण पाहतं?

आणखी एक. 'दाखला आला?' असा रकाना केलात, तर तो प्रवेशाची अट बनू देऊ नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ नुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. तो रकाना आपल्या पाठपुराव्यासाठी आहे, मुलाला अडवण्यासाठी नाही.

आता दर शनिवारी मी 'शेवटची भेट' जुनी ते नवी अशी लावते. सगळ्यात वरचं नाव सोमवारी पहिलं. रकाना भरला म्हणजे काम झालं असं नव्हे. भट्टीपर्यंत चालत जावंच लागतं, पण कोणाकडे जायचं हे आता वेलांटीवर अवलंबून नाही.