पाठ : शेततळ्यातल्या माशांची ऊ – ओळख, मोजणी आणि बंदोबस्त



गेल्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर एक निरोप फिरला. "माशाला ऊ झाली तर गोचिडाचं औषध तळ्यात ओता, दोन दिवसांत साफ." तीन सभासदांनी फोन करून विचारलं, टाकू का? एकाने विचारलं नाही, टाकलं. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याचे रोहू पांढरी पोटं वर करून कागदाच्या कडेला लागले होते. म्हणून आजचा पाठ थोडा लांब आहे. ज्यांच्या शेततळ्यात मासे आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा. घरात काचेच्या टाकीत शोभेचे मासे असतील तर त्यांच्यासाठीही खाली एक भाग दिला आहे.

*१) ही ऊ म्हणजे नेमकं काय?*

नाव ऊ असलं तरी डोक्यातल्या उवेशी तिचं नातं नाही. ती खेकडा, कोळंबी यांच्या जातकुळीतली आहे. शास्त्रीय नाव अर्ग्युलस. आकार चपटा, गोलसर, पारदर्शक, मसुरीच्या डाळीएवढा किंवा त्याहून लहान. नीट पाहिलं तर दोन काळे डोळे दिसतात. पोटाखाली दोन गोल चूषक असतात, त्यांनी ती खवल्याला घट्ट चिकटते. तोंडाजवळच्या सुईने कातडी टोचते आणि रक्त, अंगरस पिते. नर आणि मादी दोघंही माशावरच जगतात.

ती एका जागी बसून राहत नाही. माशाच्या अंगावर सरकते, एक मासा सोडून पोहत दुसऱ्यावर जाते. माशाविना काही दिवस पाण्यात तग धरते. म्हणून ओलं जाळं एका तळ्यातून काढून लगेच दुसऱ्यात टाकलं की ऊ फुकटात पोचवली.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. *मादी अंडी माशावर घालत नाही.* ती मासा सोडते आणि पाण्यातल्या टणक जागेवर अंडी घालते. दगड, बांबू, पाइप, फळी आणि आपल्या तळ्याचा कागदसुद्धा. एका वेळी काही शे अंडी, खसखशीहून बारीक, ओळीने चिकटवलेली. आपल्याकडच्या उबदार पाण्यात साधारण दोन आठवड्यांत ती फुटतात, थंडीत जास्त दिवस लागतात. तळ्यावरच्या औषधांनी अंडी मरत नाहीत. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर बाकीचा पाठ आपोआप समजेल.

*२) लक्षणं कशी ओळखायची?*

– मासे दिवसभर उगाच उड्या मारतात, अंग कागदाला किंवा पाइपला घासतात.
– खाद्य उरतं.
– अंगावर लाल ठिपके, चिकट बुळबुळीत थर, पुढे जखमा. त्या जखमांतून जिवाणू आणि बुरशी शिरते. पुष्कळ वेळा मासा उवेने नाही, या जखमांनी मरतो.
– रोहूवर त्रास जास्त दिसतो. म्हणून तपासणीत रोहू आधी धरा.

घोटाळा होतो तो इथे. *पहाटे* मासे वर येऊन तोंड उघडमिट करत असतील तर ती ऊ नाही, पाण्यात प्राणवायू कमी पडला आहे. तेव्हा औषध शोधू नका, एअरेटर किंवा मोटर लावून पाणी उडवा. *दिवसभर* घासणं आणि उड्या मारणं दिसलं तर ऊ शोधा.

आणखी एक जोडीदार आहे, नांगर किडा म्हणजे लर्निया. हाही त्याच कवचधारी कुळातला. माशाच्या अंगातून पांढरट दोऱ्याचा तुकडा बाहेर लोंबतो, त्याच्या टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या असतात. डोकं नांगरासारखं मांसात रुतलेलं असतं, म्हणून तळ्यातल्या माशाचा दोरा ओढून काढायला जाऊ नका. डोकं आत तुटतं आणि जखम चिघळते.

*३) आधी मोजा, मग बोला*

आठवड्यातून एक दिवस ठरवा. फेकजाळं टाकून १० मासे धरा, त्यात निदान ५ रोहू. हात आणि फडकं ओलं ठेवा. पंखांच्या बुडाशी, कल्ल्याच्या झाकणामागे, पोटाखाली पाहा. प्रत्येक माशावर किती उवा ते वहीत लिहा. तारीख, पाण्याची खोली, उरलेलं खाद्य, तेही लिहा.

आपल्या कंपनीत आपण असा अंदाज ठेवतो : १० पैकी एकदोन माशांवर एखादी ऊ असेल तर खालचे फळीचे उपाय सुरू करा आणि दर चार दिवसांनी मोजा. निम्म्याहून जास्त माशांवर ऊ असेल किंवा जखमा दिसत असतील तर फोटो काढून आम्हाला आणि तालुक्याच्या मत्स्यविकास अधिकाऱ्यांना दाखवा. नुसतं "लई झाल्यात" असं सांगू नका, आकडा सांगा. उपाय लागू पडला की नाही हे नंतर आकड्यावरूनच कळतं.

*४) बिनऔषधाचा खरा उपाय : अंड्याची फळी*

मादीला अंडी घालायला टणक जागा लागते ना? मग ती जागा आपणच द्यायची आणि अंड्यांसकट बाहेर काढायची.

– दोन फूट लांबीच्या लाकडी फळ्या, चिरलेले बांबू किंवा काळ्या पाइपचे तुकडे घ्या. ३० बाय ३० मीटरच्या तळ्याला ६ ते ८ पुरे.
– कडा घासून गोल करा. धारदार कोपरा कागदाला लागला तर ऊ राहील बाजूला, तळंच गळेल.
– दोरीला बांधून, खाली वजन देऊन, पाण्याखाली एक ते तीन फुटांवर उभ्या लटकवा.
– *दर सात दिवसांनी* बाहेर काढा. अंडी फुटायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून सात दिवसांत काढलं तर एकही पिल्लू सुटत नाही. पंधरा दिवस विसरलात तर तुम्ही उवेसाठी पाळणाघर उघडलं असं समजा.
– खरवडून, कडक उन्हात पूर्ण दिवस वाळवा. वाळलं की अंडं मेलं. खरवडलेलं पाण्यात किंवा बांधावरच्या चारीत टाकू नका.
– फळ्यांचे दोन संच ठेवा, एक पाण्यात, एक उन्हात.

तळ्यात नको असलेले दगड, तुटके पाइप, बुडालेल्या फांद्या बाहेर काढा. अंडी घालायला जागा कमी राहिली की मादी फळीवर येते.

कागदाच्या उतारावरही अंडी असतात. ठिबकला पाणी द्यायचंच आहे तर पातळी एकदम फूट-दीड फूट उतरेल असं नियोजन करा आणि उघडा पडलेला पट्टा दोनतीन दिवस उन्हात तापू द्या. त्या पट्ट्यातली अंडी वाळतात. मात्र पाणी आधीच कमी असेल किंवा ऊन कडक असेल तर हे करू नका. पाणी घटलं की मासे दाटतात आणि प्राणवायू कमी पडतो.

हा उपाय सावकाश लागू पडतो. पहिल्या दोन आठवड्यांत फरक दिसणार नाही, कारण मोठ्या उवा अजून जिवंत असतात. पाच-सहा आठवडे नेटाने फळ्या बदला आणि वहीतला आकडा बघत राहा.

*५) गोचिडाचं औषध का नको?*

गोचिडाच्या औषधाने ऊ मरत नाही असं नाही. मरते. पण तेच औषध आणखी काय मारतं ते बघा.

एक : पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसणारे बारीक जीव असतात, पाण्यातले पिसू आणि त्यांचे भाऊबंद. तेही कवचधारीच, उवेचे चुलत नातेवाईक. औषधाला नातेवाईक ओळखता येत नाहीत. कटल्याचं हे मुख्य खाणं. शिवाय हे जीव शेवाळ खाऊन पाणी ताब्यात ठेवतात. ते मेले की काही दिवसांत पाणी दाट हिरवं होतं आणि पहाटे प्राणवायू कोसळतो.

दोन : या औषधांचा जरासा जास्त डोसही माशाला विषारी ठरतो. तळ्यात कोळंबी असेल तर ती आधी जाते.

तीन : तेच पाणी आपण ठिबकला देतो, फवारणीला वापरतो, जनावरं पितात. निर्यातीच्या द्राक्षांचे नमुने अवशेषांसाठी तपासले जातात हे आपल्याला ठाऊक आहे. माशापायी बाग धोक्यात कशाला घालायची?

चार : डोस चुकतोच, कारण पाणी मोजलेलं नसतं. हे उदाहरण वहीत उतरवून घ्या.

३०×३०×३ मीटरचं तळं म्हटलं की आपण गुणाकार करतो, २,७०० घनमीटर. पण तळ्याला उतार असतो. एकास एक उतार असेल तर तळाची बाजू २४ मीटर भरते आणि काठोकाठ भरलेल्या तळ्यात २,१९६ घनमीटर पाणी मावतं. आता पाणी फक्त २ मीटर आहे असं धरा. पाण्याच्या वरच्या कडेची बाजू २८ मीटर, तळाची २४, सरासरी २६. मग २६×२६×२ = १,३५२ घनमीटर. म्हणजे २,७०० धरून औषध टाकणाऱ्याने *दुप्पट* टाकलं. गेल्या आठवड्यात झालं ते असंच.

म्हणून रीत लक्षात ठेवा : (पाण्याची वरची बाजू + तळाची बाजू) ÷ २, त्याला तसंच रुंदीने आणि पाण्याच्या *खऱ्या* खोलीने गुणायचं. खोली काठीला दोरी बांधून मोजा. योजनेच्या कागदावरचा आकडा धरू नका.

*६) मग औषध कधीच नाही का?*

लागण हाताबाहेर गेली तर लागतं. पण ते माशांसाठीचं असावं आणि मत्स्यविकास अधिकाऱ्यांनी किंवा मत्स्य महाविद्यालयातल्या तज्ज्ञांनी सांगितलेलं असावं. आपल्या राज्यात शिरगाव (रत्नागिरी), उदगीर आणि नागपूर इथे मत्स्य महाविद्यालयं आहेत. जाताना वही आणि पाण्याचं माप सोबत न्या. या संदेशात औषधाचं प्रमाण मुद्दाम दिलेलं नाही. प्रत्येक तळ्याचं पाणी वेगळं असतं आणि अर्धवट पुढे गेलेला आकडा काय करतो ते आपण पाहिलं.

औषध दिलं तरी तीन गोष्टी पाळा. सकाळी, एअरेटर चालू ठेवून द्या. अंडी वाचतात, म्हणून दुसरी फेरी तज्ज्ञांनी सांगितलेल्या तारखेलाच द्या. पहिल्या फेरीनंतर मासे शांत झाले म्हणून ती टाळू नका. आणि सांगितलेले दिवस भरेपर्यंत विक्रीसाठी मासे काढू नका.

मिठाचं काय? बोटुकली सोडण्याआधी १०० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून दोनतीन मिनिटं बुडवणं चांगलं. काही उवा गळून पडतात. मासा कलंडायला लागला की लगेच काढा. पण संपूर्ण तळ्यात मीठ ओतणं निरुपयोगी आणि पिकाला घातक.

*७) मुळात येऊच नये म्हणून*

– बीज घेताना पिशवीतली २०-२५ बोटुकली पांढऱ्या घमेल्यात घेऊन पाहा. ऊ दिसली तर परत करा, लाजू नका.
– दाटी नको. हेक्टरी ८ ते १० हजार बोटुकली या हिशेबाने ३० बाय ३० च्या तळ्याला ७००-८०० पुरतात. तीन हजार टाकले की एका माशावरची ऊ दुसऱ्यावर जायला वेळ लागत नाही.
– जाळी, बादल्या दुसऱ्या तळ्यात नेण्याआधी पूर्ण दिवस उन्हात वाळवा. भाड्याचं जाळं असेल तर जास्तच.
– पेंड-कोंडा उरेल इतका टाकू नका. तळाशी गाळ साचला की माशाची ताकद कमी होते.
– उन्हाळ्यात तळं रिकामं झालं की गाळ काढा आणि कागद कोरडा तापू द्या. ओल्या गाळाखाली अंडी टिकतात.

*८) घरातल्या काचेच्या टाकीसाठी*

गोल्डफिश आणि कोई माशांबरोबर ही ऊ देशोदेशी पोचली आहे. नवीन मासा किंवा नवीन वनस्पती आणली की तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवा, मगच टाकीत सोडा. ऊ दिसली तर मासा ओल्या फडक्यात धरून बोथट चिमट्याने काढा, काच आणि दगड खरवडून धुवा, आठवड्याने पुन्हा पाहा. आणि पोरांना कंटाळा आला म्हणून टाकीतले मासे शेततळ्यात किंवा ओढ्यात सोडू नका. पुष्कळदा सुरुवात तिथूनच होते.

*नेहमीचा प्रश्न :* ऊ झालेला मासा खाल्ला तर चालतो का? ही ऊ माशावर जगते, माणसाला रोग देत नाही. धुऊन, नीट शिजवून खाता येतो. पण जखमा चिघळलेला मासा खाऊ नका आणि विकूही नका. बाजारात एकदा नाव गेलं की सगळ्या गटाचा भाव पडतो.

*या आठवड्याचं काम :* १) तळ्यातल्या पाण्याचं खरं माप काढा. २) १० मासे तपासा. ३) दोन्ही आकडे आणि एक फोटो कंपनीच्या नंबरवर पाठवा. लिहिता येत नसेल तर बोलून पाठवा, चालतं.

ज्यांचे मासे गेले त्यांनी गप्प बसू नये. नाव कुठे घेणार नाही. तळं धुऊन पुन्हा कधी बीज सोडायचं ते आपण बसून ठरवू.

हा पाठ पुढे पाठवायचा असेल तर पूर्ण पाठवा. अर्धा नको.