हार्मोनच्या गोळीला जोड कशासाठी?



दर अंकात आपण लागण, खोडवा, खते यांचा विचार करतो. या खेपेस विषय घरातल्या माणसाचा घेतला आहे. गटात फिरताना काही सभासद स्तनाच्या कॅन्सरची फाईल पुढे धरतात आणि विचारतात, "साहेब, ऑपरेशन झालं, रोजची गोळी चालू आहे. आता डॉक्टर आणखी एक महागडी गोळी सांगतात, ती कशापायी?" आम्ही काही डॉक्टर नव्हे, पण डॉक्टरांपुढे बसण्यापूर्वी एवढे समजून घेतलेले बरे.

लव्हाळा खुरपला की रान स्वच्छ दिसते. पण मातीत गाठ राहिली की तो पुन्हा उगवतो. ऑपरेशनने दिसणारी गाठ जाते. न दिसणाऱ्या पेशी अंगात राहिल्या असल्या, तर त्या काही वर्षांनी डोके वर काढतात.

पुष्कळ बायकांत हा रोग इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसतो. रिपोर्टात 'ईआर पॉझिटिव्ह' लिहितात ते हेच. टॅमॉक्सिफेनची गोळी पेशीला ते हार्मोन लागू देत नाही. पाळी गेलेल्या बाईला लेट्रोझोलसारखी गोळी देतात. ती हार्मोन तयार होणेच रोखते. थोडक्यात, तणाचे पाणी तोडले. पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने अशा रोग्यांत पंधरा वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात. मुख्य इलाज हाच.

नवी गोळी पुढचे काम करते. एका पेशीच्या दोन होताना सीडीके ४ व ६ ही प्रथिने वाट मोकळी करतात. नवी गोळी ती वाट अडवते. पाणी तोडूनही जो डोळा फुटू पाहतो, त्याला फुटूच द्यायचे नाही.

याचा पुरावा काय? आपण प्रात्यक्षिक प्लॉटात दोन पट्टे ठेवून उतारा ताडून पाहतो, तसेच इथे केले. 'मोनार्क-ई' या चाचणीत ५,६३७ रोगी होते. हार्मोनचा इलाज सर्वांना दिला. निम्म्यांना जोडीला दोन वर्षे अॅबेमासायक्लिब दिले. पाच वर्षांनी रोग न उलटलेले रोगी जोडगोळीत शेकडा ८३.६, तर नुसत्या हार्मोनवर ७६ निघाले. म्हणजे शंभरात सात-आठ जणींना जादा फायदा झाला. पण ७६ जणींचे नव्या गोळीवाचूनही निभावले, हेही ध्यानात घ्या. जगण्याच्या आकड्यातही फरक पडल्याचे २०२५ साली जाहीर झाले. रायबोसायक्लिब हे दुसरे औषध 'नताली' चाचणीत उपयोगी ठरले. त्याच जातीचे पाल्बोसायक्लिब मात्र अशा सुरुवातीच्या रोगात उतरले नाही. तेव्हा नवे ते सगळेच चांगले, असे नाही.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी :

१) रिपोर्टात ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह असेल, तरच या गोळीचा विचार होतो.

२) अॅबेमासायक्लिब मुख्यतः जास्त धोक्याच्या रोगात देतात : काखेतल्या चार वा अधिक गाठींत रोग, किंवा एक ते तीन गाठींत रोग असून मूळ गाठ पाच सेंटिमीटर वा मोठी, अथवा ग्रेड तीन. रायबोसायक्लिब तीन वर्षे देतात. त्याची मर्यादा थोडी रुंद आहे.

३) अॅबेमासायक्लिबने जुलाब फार जणींना होतात. पांढऱ्या पेशी कमी होतात. एक पाय सुजला किंवा दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्ताची गुठळी असू शकते. रायबोसायक्लिबवर ईसीजी आणि लिव्हरची तपासणी लागते. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच.

४) ऊसबिलावर उचल काढण्यापूर्वी डॉक्टरांना सरळ विचारा, "आमच्या रोग्याला शंभरात किती फायदा?" मदतीसाठी दवाखान्यातल्या समाजसेवकाला भेटा.

५) नवी गोळी परवडली नाही म्हणून जुनी हार्मोनची गोळी सोडू नका. ती सोडणे म्हणजे तोडलेले पाणी पुन्हा तणाला देणे.

तोड आली, पाहुणे आले, म्हणून घरच्या लक्ष्मीची तपासणीची तारीख चुकवू नका. उसाला चार दिवस उशीर चालेल, तिच्या औषधाला नको.

आपला,
ऊसविकास अधिकारी