पोच न आलेली नोंद

मोबाइल अ‍ॅपमधून सर्व्हरकडे विनंती गेली आणि ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही, तर तीनपैकी काहीही झालेलं असू शकतं. विनंती सर्व्हरपर्यंत पोचलीच नसेल. पोचली असेल, पण काम तिथे मध्येच अडकलं असेल. किंवा काम व्यवस्थित पूर्ण झालं असेल आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं असेल. फोनला या तिन्हींतला फरक ओळखण्याचा कोणताही मार्ग नाही. रजिस्टर पत्राची पोचपावती परत आली नाही म्हणून पत्र पोचलंच नाही, असं आपण धरून चालत नाही. कोड लिहिताना मात्र बहुतेक जण अगदी तेच धरून चालतात. त्यातून एका निर्दोष माणसावर आळ येताना मी जवळून पाहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघाने गावोगावच्या संकलन केंद्रांसाठी अँड्रॉइड अ‍ॅप करून घेतलं होतं. सकाळ-संध्याकाळ शेतकरी दूध घेऊन येतात, मोजमाप होतं, फॅट आणि एसएनएफ तपासलं जातं, संस्थेचा सचिव नोंद करतो आणि पावती देतो. दर दहा दिवसांनी त्या नोंदींवरून बिल निघतं. एका गावातल्या बिलात काही सभासदांच्या नावावर एकाच वेळचं दूध दोनदा चढलेलं दिसलं. ज्यांच्या खात्यावर जास्त पैसे आले, त्यांच्यातल्याच काहींनी ते दाखवून दिलं. पण टँकरमध्ये गेलेलं दूध कमी आणि नोंदी जास्त, असा हिशेब समोर आल्यावर संशयाची सुई सचिवाकडे वळली. आधी "बटण दोनदा दाबत असतील", मग "मुद्दाम करत असतील", अशी कुजबुज वाढत गेली. कोड तपासायला मला बोलावलं गेलं ते यानंतर.

मी कोडच्या आधी सर्व्हरचा लॉग मागितला. त्यातल्या दोन ओळी अजून डोळ्यांसमोर आहेत. गायीचं दूध, 7.4 लिटर, फॅट 3.8, एसएनएफ 8.5, सभासद क्रमांक तोच. पहिली नोंद सकाळी 6 वाजून 21 मिनिटं 8 सेकंदांची, दुसरी त्याच मिनिटातल्या 20व्या सेकंदाची. अशा जोड्या एकाखाली एक मांडल्या तेव्हा जवळपास प्रत्येक जोडीतलं अंतर 12 सेकंदांच्या आसपास निघालं. माणूस घाईत दोनदा बटण दाबतो तेव्हा मध्ये कधी अर्धा सेकंद जातो, कधी चार. इतकं नेमकं अंतर कुणाचं बोट ठेवू शकत नाही.

ते 12 सेकंद कुठून आले हे कोड उघडताच कळलं. अ‍ॅप ओकेएचटीटीपी ही लायब्ररी वापरत होतं. तिचा वाचण्याचा टाइमआउट आपण बदलला नाही तर 10 सेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात सर्व्हरकडून एक बाइटही आला नाही की कॉल अपयशी ठरतो. त्यावर कुणीतरी एक सोयीचं फंक्शन लिहून ठेवलं होतं: कुठलाही कॉल अपयशी ठरला की 2 सेकंद थांबायचं आणि पुन्हा पाठवायचा, जास्तीत जास्त तीन वेळा. दहा आणि दोन, बारा. केंद्र गावाच्या कडेला, सिग्नल अधूनमधून जाणारा. पहिली विनंती सर्व्हरवर पोचली, नोंद झाली, उत्तर परत येताना सिग्नल गेला. अ‍ॅपने इमानेइतबारे तीच नोंद पुन्हा पाठवली आणि सर्व्हरने तितक्याच इमानेइतबारे ती नवी म्हणून लिहून घेतली. सचिवाने बटण एकदाच दाबलं होतं. लॉगचा कागद बैठकीत ठेवला गेला आणि तो विषय तिथेच मिटला. पण लॉगमध्ये सेकंद नोंदवलेले नसते तर काय झालं असतं, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

उपाय जुना आणि पक्का आहे. एचटीटीपीच्या नियमांनुसार गेट, पुट आणि डिलीट या विनंत्या पुन्हा पाठवल्या तरी सर्व्हरवरचा अपेक्षित परिणाम एकदा पाठवल्यासारखाच राहायला हवा. पोस्टबद्दल अशी हमी नाही. म्हणून पैशाची किंवा हिशेबाची प्रत्येक पोस्ट जाताना तिच्यासोबत फोननेच तयार केलेला एक अनन्य क्रमांक, म्हणजे यूयूआयडी, गेला पाहिजे. सर्व्हरने तो डेटाबेसमध्ये युनिक ठेवायचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी नोंद न करता आधीचंच उत्तर परत द्यायचं. इथे एक बारकावा आहे आणि नेमका तोच चुकतो. क्रमांक पाठवण्याच्या फंक्शनमध्ये तयार केला तर प्रत्येक प्रयत्नाला नवा क्रमांक मिळतो आणि सगळी मेहनत वाया जाते. सचिवाने 'जतन करा' दाबलं त्या क्षणी, नेटवर्कचा विचारही सुरू होण्याआधी, क्रमांक तयार व्हायला हवा आणि नोंदीसोबत फोनच्या डेटाबेसमध्ये लिहिला जायला हवा. मग अ‍ॅप बंद पडो, फोन रीस्टार्ट होवो, दुपारी सिग्नल आल्यावर नोंद जावो, क्रमांक तोच राहतो.

हा कोड जुनाट नव्हता, हे मुद्दाम सांगते. तो कोटलिनच्या कोरूटीनमध्ये, स्वच्छ आणि वाचायला सुरेख लिहिलेला होता. कोरूटीन 2018 मध्ये कोटलिन 1.3 सोबत स्थिर झाली. स्विफ्टमध्ये असिंक-अवेट 2021 मध्ये 5.5 आवृत्तीबरोबर आलं. त्याआधी कॉलबॅकच्या आत कॉलबॅक, त्याच्या आत आणखी एक, असं आम्ही सगळ्यांनी लिहिलंय. परत त्या जंजाळात जा, असं मी कुणालाही सांगणार नाही. पण त्या ओबडधोबड कोडमध्ये अपयशाची जागा प्रत्येक पायरीवर डोळ्यांना खुपत असे. आता कोड वरून खाली सरळ वाहतो आणि अवेटची ओळ इतर ओळींसारखीच एक वाटते. कोटलिनमध्ये तर तो शब्दही नसतो. सस्पेंड फंक्शनचा कॉल साध्या कॉलसारखाच दिसतो, अँड्रॉइड स्टुडिओ कडेला एक छोटं चिन्ह दाखवतो तेवढंच. त्या ओळीवर फंक्शन थांबतं आणि बाकीचं जग चालू राहतं. तेवढ्यात वापरणारा मागच्या स्क्रीनवर जातो, वायफाय सुटून मोबाइल डेटा सुरू होतो, लॉगिनची मुदत संपते. पुढची ओळ सुरू होते तेव्हा आधीच्या ओळीवर जे खरं होतं ते अजून खरं असेलच असं नाही. कोड रिव्ह्यूला बसले की मी अशा प्रत्येक ओळीवर थांबते आणि लिहिणाऱ्याला विचारते, इथे थांबलेलं असताना काय काय बदलू शकतं? चांगले अभियंतेही या प्रश्नावर क्षणभर गप्प होतात.

स्क्रीन सोडून जाण्याचंच घ्या. अँड्रॉइडमध्ये व्ह्यूमॉडेलस्कोपमध्ये सुरू केलेलं काम ती स्क्रीन कायमची बंद झाली की रद्द होतं. यादी दाखवण्यासाठी हे उत्तमच. पण दूध घेताना सचिवापुढे रांग असते. तो नोंद करतो आणि लगेच मागे जाऊन पुढच्या सभासदाकडे वळतो. त्याच क्षणी पाठवणं रद्द. सर्व्हरवर ती विनंती पोचली होती की नाही, पुन्हा तोच प्रश्न. म्हणून जे काम पूर्ण व्हायलाच हवं ते स्क्रीनच्या आयुष्याला बांधू नये. अँड्रॉइडवर नोंद आधी फोनमध्ये जतन करावी आणि पाठवण्याचं काम वर्कमॅनेजरकडे सोपवावं, तो नेटवर्कची अट पाळतो आणि फोन रीस्टार्ट झाला तरी काम विसरत नाही. आयफोनवर यूआरएलसेशनचं बॅकग्राउंड रूप आहे, मात्र तिथे डेलिगेट लिहावा लागतो.

रद्द होण्याशी जोडलेला आणखी एक दोष मला वारंवार सापडतो. कोटलिनमध्ये काम रद्द होतं तेव्हा कॅन्सलेशनएक्सेप्शन फेकलं जातं. सरसकट सगळी एक्सेप्शन पकडणारा कॅच लिहिला, किंवा रनकॅचिंग वापरलं, की तेही त्यात गिळलं जातं. मग रद्द झालेलं काम अपयशी समजून रिट्रायच्या चक्रात शिरू पाहतं, नाहीतर स्क्रीनवर लाल संदेश झळकतो. पकडलंच तर ते पुन्हा फेकलं पाहिजे. आयफोनवर रद्द झालेल्या विनंतीला यूआरएलएरर उणे 999 हा क्रमांक मिळतो. तो वगळला नाही तर नुसतं मागे गेलेल्या माणसाला 'काहीतरी चुकलं' असं दाखवलं जातं. शिवाय स्विफ्टयूआयमध्ये 'टास्क' मॉडिफायरने सुरू केलेलं काम दृश्य गेल्यावर रद्द होतं, पण बटणाच्या आत उघडलेला सुटा टास्क तसाच चालू राहतो. दोघांचं नाव एकच असल्याने नवखे इथे हमखास गोंधळतात.

सर्व्हरने नकार दिला तर तो आपोआप एरर होऊन येईल, असं समजणंही महागात पडतं. यूआरएलसेशनच्या दृष्टीने 404 किंवा 500 हेही यशस्वी उत्तरच असतं, स्टेटस कोड आपणच तपासायचा. रेट्रोफिटमध्ये सस्पेंड फंक्शन थेट डेटाचा प्रकार परत देत असेल तर अशा वेळी एचटीटीपीएक्सेप्शन येतं, पण रिस्पॉन्समध्ये गुंडाळून देत असेल तर काहीच येत नाही. एकाच प्रकल्पात दोन्ही पद्धती मिसळलेल्या मी पाहिल्या आहेत.

लॉगिनच्या टोकनचा घोळ सकाळी दिसतो. अ‍ॅप उघडतं, चार-पाच विनंत्या एकदम जातात, टोकनची मुदत रात्रीच संपलेली. सगळ्यांना 401 मिळतो आणि सगळ्या एकाच वेळी नवं टोकन मागायला धावतात. सर्व्हर दर वेळी जुनं रिफ्रेश टोकन बाद करत असेल, तर पहिली विनंती जिंकते, बाकीच्या बाद टोकन घेऊन जातात आणि वापरणाऱ्याला बाहेर काढलं जातं. स्विफ्टमध्ये अ‍ॅक्टर वापरला की हे सुटलं, असं अनेकांना वाटतं. ते पुरेसं नाही. अ‍ॅक्टरमधलं फंक्शन अवेटवर थांबलं की दुसरी विनंती आत येऊ शकते. चालू असलेला टास्कच जपून ठेवायचा आणि मागून येणाऱ्यांनी त्याच्याच उत्तराची वाट पाहायची, हा खरा इलाज. कोटलिनमध्ये म्युटेक्स घ्यावा आणि तो हातात आल्यावर आधी बघावं, की तोवर दुसऱ्या कुणी टोकन बदललंय का.

टाइमआउटचे मूळ आकडे कुणी बघतच नाही, आणि ते तुमच्या कामासाठी कुणी ठरवलेले नसतात. यूआरएलसेशनमध्ये एका विनंतीचा टाइमआउट 60 सेकंद असतो आणि दर वेळी थोडा डेटा आला की तो पुन्हा शून्यापासून मोजला जातो. संपूर्ण कामाची मर्यादा आहे 7 दिवस. ओकेएचटीटीपीमध्ये जोडणी, वाचन, लेखन यांना प्रत्येकी 10 सेकंद, पण संपूर्ण कॉलला मूळ मर्यादाच नाही. थेंब थेंब येणारं उत्तर या हिशेबात कितीही वेळ लटकू शकतं. रांगेतल्या माणसाने किती थांबावं हे ठरवून तो आकडा स्वतः लिहा. आणि रिट्राय करायचाच तर दर वेळी थांबण्याचा काळ वाढवत न्या, त्यात थोडी यादृच्छिकता मिसळा. सगळी केंद्रं सकाळी एकाच वेळी सुरू असतात. सर्व्हर मिनिटभर झोपला आणि उठल्या उठल्या सगळे फोन एका ठोक्याला त्याच्यावर तुटून पडले, तर तो पुन्हा झोपतो. सर्व्हर रिट्राय-आफ्टर हेडर पाठवत असेल तर त्याचं ऐका. विनंतीतच चूक आहे असं 400 किंवा 422 सांगत असेल, तर तीच विनंती शंभरदा पाठवूनही उत्तर बदलणार नाही.

आता स्क्रीनवरचे शब्द. त्या अ‍ॅपमध्ये टाइमआउटनंतर 'नोंद अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा' असं येत होतं. हे वाक्य खोटं होतं, कारण नोंद अयशस्वी झाली हे अ‍ॅपला माहीतच नव्हतं. तिथे आता येतं: 'नोंद फोनमध्ये जतन झाली. संघाकडून पोच येणे बाकी.' पोच आली की बाजूचं चिन्ह बदलतं. सचिवाला एवढं पुरतं. शेतकऱ्याच्या हातात पावती असते आणि तिच्यावर तोच अनन्य क्रमांक छापलेला असतो. उद्या वाद झाला तर दोन्ही बाजू एकाच आकड्याकडे बोट दाखवू शकतात.

चाचणी कशी करायची, हे शेवटचं. विमान मोड लावून अ‍ॅप तपासलं, एवढ्यावर समाधान मानू नका. विमान मोडमध्ये विनंती फोनबाहेरच पडत नाही, ते सगळ्यात सोपं अपयश. खरी चाचणी म्हणजे सर्व्हरने विनंती पूर्ण घ्यावी आणि उत्तर देण्याआधी जोडणी तोडावी. ओकेएचटीटीपीसोबत मिळणाऱ्या मॉकवेबसर्व्हरमध्ये नेमकी ही सोय आहे. आयफोनसाठी अ‍ॅपलचं नेटवर्क लिंक कंडिशनर आहे, त्यात पॅकेट हरवण्याचं प्रमाण वाढवून पाहता येतं.

तुम्ही मोबाइल अ‍ॅप लिहीत असाल तर माझी एक विनंती आहे. या आठवड्यात तुमच्या अ‍ॅपमधल्या सगळ्या पोस्ट विनंत्यांची यादी करा. पैसा, माल, औषध, हजेरी, मतदान, जिथे जिथे नोंद दोनदा झाल्याने कुणाचं तरी नुकसान होईल, ती प्रत्येक विनंती वरच्या चाचणीतून एकदा काढा आणि सर्व्हरवर किती नोंदी पडल्या ते मोजा. एकापेक्षा जास्त पडल्या तर पुढची आवृत्ती थांबवून आधी ते दुरुस्त करा.