दप्तर रात्रीच भरावं

सूनबाई, काल सकाळी व्हॅनवाला हॉर्न देत होता आणि आपला पोरगा एक बूट पायात, एक हातात, खिडकीतून पाऊस बघत बसला होता. तू ओरडलीस. मी तेव्हा गप्प राहिले, आज सांगते.

इथे सिल्वासात मी मराठी शाळेत पोरं शिकवली. त्यांतला एक तोंडी गणितं अचूक सोडवायचा, वही मात्र रोज घरी. मी त्याला आळशी म्हटलं, वर्गाबाहेर उभं केलं. ते मला अजून टोचतं.

आता वाटतं, त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि मन आवरणं जड जाणारी अवस्था, असावी; आपल्या पोरातही तसंच काही दिसतं. एडीएचडीत अक्कल कमी नसते. काम सुरू करणं, सांगितलेलं लक्षात धरणं, वेळेचा अंदाज, मन आवरणं, याला डॉक्टर एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. इथल्या कारखान्यांच्या भाषेत सांगायचं तर माल आहे, मशीन आहे, सुपरवायझर अजून पोचलेला नाही. अशी मुलं या बाबतीत वयाच्या सुमारे 30 टक्के मागे असतात, असा रसेल बार्कली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे आपला 10 वर्षांचा, पण आवराआवरीत 7 चा. सात वर्षांच्याला देशील तेवढा हात त्याला दे.

स्वयंपाकघरातून हाका मारू नकोस. जवळ जा, खांद्यावर हात ठेव, एकच काम सांग, तेही एकाच भाषेत. मराठी, गुजराती, इंग्रजी कानावर पडल्याने एडीएचडी होत नाही. पण घाईत तिन्ही मिसळून चार कामं सांगितलीस की पहिलं निसटतं. ‘दहा मिनिटांत’ हे त्याला दिसत नाही. काट्यांचं घड्याळ टांग, मोठा काटा कुठे आला की उठायचं ते दाखव. शाबासकी तिथल्या तिथे दे. रविवारी वनगंगा बागेत नेण्याचं आमिष सोमवारी उपयोगाचं नाही.

नाव मात्र आपण ठेवायचं नाही. लक्षणं 12 वर्षांच्या आत सुरू झालेली, 6 महिने टिकलेली, घरी आणि शाळेतही दिसणारी असावी लागतात. इथल्या सिव्हिल हॉस्पिटलमधल्या बालरोगतज्ज्ञांना दाखव. झोप, कान, डोळे तपासून घे. त्यांनी औषध दिलंच, तर शेजारणीच्या सांगण्यावरून बंद करू नकोस.

आणि स्वतःला दोष देऊ नकोस. हे पुष्कळदा रक्तातूनच येतं. तुझा नवराही लहानपणी असाच होता.

आज जेवण झालं की त्याच्याशेजारी बस. दप्तर त्यालाच भरू दे, तू फक्त वेळापत्रक वाच. मग ते दाराशी ठेवा, बुटांजवळ.