आधणापासून प्रिंटरपर्यंत : एका बुडबुड्याचं आयुष्य

परीक्षेत 'बॉयलिंग' आलं की आपण नुकियामाचा १९३४ चा कर्व्ह काढतो, रिजन्सना नावं देतो आणि मार्क्स घेतो. पण त्यातला एक बुडबुडा नक्की काय करतो, हे कोणी विचारत नाही. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'न्यूक्लिएशन' हा शब्द आधी शिकले आणि 'आधण' नंतर. खरं तर कळवणला आजीच्या स्वयंपाकघरात हा धडा रोजच चालतो.

आधण ठेवलं की उकळी फुटण्याआधी पातेलं गुणगुणतं. हा आवाज मुख्यतः बुडबुडे मिटण्याचा असतो! तळाशी वाफेचा बुडबुडा तयार होतो, वर सरकतो. वरचं पाणी अजून तेवढं तापलेलं नसतं, त्यामुळे वाफेचं परत पाणी होतं आणि बुडबुडा क्षणात चिरडला जातो. सगळं पाणी तापलं की बुडबुडे वरपर्यंत पोचतात. मग गुणगुण थांबते आणि खळखळ सुरू होते.

आता बुडबुडा जन्मतो कुठे? भांड्याच्या बारीक चऱ्यांत आणि खड्ड्यांत. तिथे थोडी हवा अडकलेली असते, म्हणजे बुडबुड्याला आयती सुरुवात मिळते. ती नसेल तर पृष्ठताण आडवा येतो. त्रिज्या जितकी लहान, तितका आतला दाब जास्त लागतो. १ मायक्रॉन त्रिज्येच्या बुडबुड्याला बाहेरच्यापेक्षा साधारण १ वातावरणाएवढा जादा दाब हवा. म्हणजे पाणी १०० नव्हे, १२० अंशांच्या आसपास तापायला हवं!

याच गोष्टीचा उपयोग इंकजेट प्रिंटरमध्ये केलाय. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि शाई उडाली. त्यातून 'बबल जेट'ची कल्पना निघाली. एचपीचा थिंकजेट १९८४ मध्ये बाजारात आला. (एप्सनच्या इंकजेटमध्ये मात्र बुडबुडा नसतो, तिथे पिझो क्रिस्टल शाई ढकलतो.)

प्रिंटहेडमधला हीटर केसाच्या जाडीइतका लहान आणि अगदी गुळगुळीत असतो. काही मायक्रोसेकंदांत त्याला लागलेली शाई ३०० अंशांच्या जवळ जाते. खड्ड्यांची वाट न बघता सगळ्या पृष्ठभागावर एकदम वाफ होते आणि शाईचा थेंब बाहेर फेकला जातो. तोवर करंट बंद झालेला असतो. वाफ थंड होते, बुडबुडा मिटतो, नवीन शाई आत येते.

पण खरा मार बसतो तो मिटताना. भिंतीजवळचा बुडबुडा सगळीकडून सारखा मिटत नाही. एका बाजूने द्रवाची बारीक धार आत घुसते आणि थेट हीटरवर आदळते. पंपाच्या इंपेलरला खड्डे पाडणारं कॅव्हिटेशन ते हेच. म्हणून हीटरवर टँटॅलम धातूचा पातळ थर देतात.

आता सबमिशनच्या आदल्या रात्री उपयोगी पडेल अशी गोष्ट. शाईच हीटरची उष्णता घेऊन जाते. शाई संपली तरी प्रिंट देत राहिलो, तर कोरडा हीटर जळतो. मग रिफिल करूनही रेघा जात नाहीत, आणि हेड कार्ट्रिजमध्येच असेल तर नवी कार्ट्रिज घ्यावी लागते. तेव्हा प्रिंट फिकट दिसू लागली की लगेच थांबा. आणि पुढच्या वेळी घरी आधण ठेवलं की दोन मिनिटं कान देऊन ऐका. हीट ट्रान्सफरचं एक लेक्चर तिथेच होऊन जाईल!