कामाच्या ठिकाणी उन्हाने घेरी येणे : काय करावे, मदत केव्हा मागावी?



आपला खारदांडा समुद्राला लागून आहे. त्यामुळे आपल्याकडे ऊन बाधत नाही, उन्हाने माणसे आजारी पडतात ती नागपूर-चंद्रपूरकडे, असा एक समज आपल्यात आहे. हा समज बरोबर नाही. आपल्या अगदी जवळच्या सांताक्रूझ वेधशाळेत १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. हवामान खातेही समुद्रकाठच्या गावांसाठी उष्णतेच्या लाटेचे माप वेगळे धरते. मैदानी भागात पारा ४० अंशांवर गेल्याशिवाय लाट धरीत नाहीत, तर किनाऱ्यावर ३७ अंश झाले आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असले, की लाटेचा विचार सुरू होतो. याचे कारण आपल्या हवेतील दमटपणा होय.

ह्या लेखात आम्ही एकाच प्रश्नाचा अभ्यास मांडीत आहोत. काम करताना आपला सोबती घेरी येऊन पडला, तर ती साधी घेरी आहे की जिवावरचे दुखणे आहे, हे शेजारच्या माणसाने कसे ओळखावे? डॉक्टर तेथे नसतो. मुकादम असतो, दोन-चार सोबती असतात. पहिल्या काही मिनिटांत तेच काय करतात, यावर पुष्कळ अवलंबून असते.

घेरी का येते?

आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असते. काम करताना शरीरात उष्णता तयार होते. ती बाहेर टाकण्यासाठी शरीर दोन उपाय करते. पहिला उपाय म्हणजे कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात आणि पुष्कळ रक्त कातडीकडे येते. दुसरा म्हणजे घाम सुटतो, आणि तो वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो.

आता असे होते की बरेचसे रक्त कातडीत व पायांत साठते. घामावाटे पाणी व मीठ गेल्याने एकंदर रक्तही थोडे कमी होते. मग मेंदूला पुरेसे रक्त पोहोचत नाही. डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात आवाज होतो, तोंड पांढरे पडते आणि माणूस कोसळतो. आडवा झाल्यावर मेंदूकडे रक्त सहज जाते, म्हणून तो एक-दोन मिनिटांत शुद्धीवर येतो.

एकाच जागी ताठ उभे राहणाऱ्याला अशी घेरी लवकर येते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलीत असतात, उभ्या माणसाचे ते काम थांबते. इमारतीच्या फाटकावर उभा असणारा रखवालदार, इस्त्रीच्या टेबलापाशी उभा असणारा कामगार, भट्टीपुढचा बेकरी कामगार यांनी हे ध्यानात ठेवावे. दर काही मिनिटांनी टाचा उचलाव्यात, चार पावले टाकावीत. अंधारी येऊ लागली तर लाज न धरता तेथेच खाली बसावे. उभ्याने पडण्यापेक्षा बसलेले बरे, कारण पडताना डोक्याला मार बसतो.

दमट हवेचा धोका

घाम वाळला तरच अंग थंड होते. आपल्या हवेत आधीच पाण्याची वाफ भरलेली असल्याने घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. अंगातील पाणी तर जाते, परंतु उष्णता जात नाही. म्हणून आपल्याकडचे ३७ अंश हे कोरड्या हवेच्या गावातील त्याहून मोठ्या आकड्याइतके बाधू शकतात. त्यात पत्र्याचे छप्पर, पोटमाळ्यावरचा शिवणकामाचा कारखाना किंवा बंद खोली असेल, तर सूर्य डोक्यावर नसतानाही उकाड्याने माणूस आजारी पडतो. ऊन लागायला उन्हातच असावे लागते असे नाही.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या कार्यक्रमाला लाखो लोक आले होते. ते कित्येक तास उघड्या मैदानात बसून होते. त्या दिवशी मुंबईच्या परिसरात पारा काही विक्रमी नव्हता, ३८ अंशांच्या आसपास होता. तरीही शासकीय आकड्यानुसार १४ जणांचा मृत्यू झाला. ती माणसे जड काम करीत नव्हती, नुसती बसली होती. मग टोपली वाहणाऱ्या, परांचीवर चढणाऱ्या, मासळी सुकविणाऱ्या माणसाचे काय होत असेल, याचा विचार आपण करावयास हवा. आपल्या जयंतीच्या मिरवणुकाही ह्याच एप्रिल महिन्यात असतात, हेही कार्यकर्त्यांनी विसरू नये.

तीन अवस्था ओळखा

(१) उन्हाची घेरी. माणूस पडतो, पण आडवा केल्यावर एक-दोन मिनिटांत डोळे उघडतो. नाव, जागा, वार नीट सांगतो. थकवा असतो, परंतु बोलणे सरळ असते.

(२) उष्णतेचा थकवा. खूप घाम, डोकेदुखी, मळमळ, उलटी, पायात गोळे, नाडी जलद, फार अशक्तपणा. माणूस शुद्धीवर असतो. ह्या अवस्थेत वेळीच काम थांबविले नाही तर पुढची अवस्था येते.

(३) उष्माघात. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदूवर परिणाम होतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो, झटके येतात किंवा बेशुद्ध राहतो. अंग हाताला चटका बसेल इतके तापलेले असते. हा जिवावरचा प्रसंग होय.

येथे एक मोठा गैरसमज दूर करणे जरूर आहे. ‘घाम येतो आहे ना, मग उष्माघात नाही’ असे पुष्कळ जण म्हणतात. घरात पडून असलेल्या वृद्धाला उष्माघात झाला तर कातडी बहुधा कोरडी असते, हे खरे. परंतु कष्टाचे काम करताना उष्माघात झालेला माणूस घामाने निथळत असू शकतो. म्हणून घामाकडे पाहून ठरवू नका, बोलण्याकडे पाहा. ‘तुझे नाव काय? आपण कुठे आहोत? आज वार कोणता?’ एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तरे चुकली तर उष्माघात समजूनच पुढची पावले टाका.

ताबडतोब काय करावे?

(१) माणसाला सावलीत, वाऱ्याला न्यावे. पाठीवर निजवून पाय वीतभर उंच करावेत. तो परांचीवरून किंवा शिडीवरून पडला असेल तर मान हलवू नये, पाय उचलू नयेत, मदत येईपर्यंत तसाच ठेवावा.

(२) गळ्याची बटणे, पट्टा, बूट, हेल्मेट सैल करावे. भोवतालची गर्दी हटवावी.

(३) पूर्ण शुद्धीवर असेल तरच पाणी घोटाघोटाने द्यावे. जलसंजीवनी उत्तम. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. लिंबू सरबत, ताक, पेज हेही चालते.

(४) बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी मुळीच घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवावे.

(५) अंग तापलेले असून बोलणे बिघडले असेल, तर गाडीची वाट पाहत बसू नये, तेथेच थंड करायला लागावे. बादल्यांनी अंगावर पाणी ओतावे, ओले कापड फिरवावे, पुठ्ठ्याने किंवा पंख्याने वारा घालावा. बर्फ मिळाल्यास फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत व जांघेत ठेवावा. दांड्यात मासळीसाठी बर्फ असतोच, त्याचा येथे उपयोग होईल. जगभरातील डॉक्टर आज हेच सांगतात की आधी थंड करा, मग हलवा, आणि वाटेतही थंड करीत राहा.

(६) श्वास बंद पडला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात व जलद, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावेत.

कांदा फोडून नाकाशी धरणे, चप्पल हुंगविणे, थोबाडीत मारणे, अंगारा लावणे यांत मोलाचा वेळ जातो. साध्या घेरीतला माणूस आडवा केल्यामुळे शुद्धीवर येतो आणि श्रेय मात्र कांद्याला मिळते! तापाची गोळीही येथे उपयोगी नाही, कारण हा जंतूंमुळे आलेला ताप नव्हे.

मदत केव्हा मागावी?

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा :

• दोन मिनिटांत शुद्धीवर आला नाही, किंवा शुद्धीवर आला पण बरळतो आहे.
• झटके आले, अंग फार तापले आहे.
• छातीत दुखते, धाप लागते, छाती धडधडते.
• जड काम चालू असतानाच एकाएकी कोसळला. हे हृदयाचे दुखणे असू शकते.
• पडताना डोक्याला, मानेला मार लागला.
• उलट्या थांबत नाहीत, पाणी पोटात राहत नाही.
• ती गरोदर भगिनी आहे, किंवा तो मधुमेहाचा अगर हृदयरोगाचा रुग्ण आहे.

पाणी, सावली व विश्रांती देऊनही अर्ध्या-एक तासात बरे वाटले नाही, पुन्हा घेरी आली, किंवा दुसऱ्या दिवशी लघवी अगदी कमी वा गडद चहाच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आपल्याला वांद्र्याचे महापालिकेचे भाभा रुग्णालय जवळ आहे, तसेच विलेपार्ल्याचे कूपर रुग्णालय आहे. आपल्या गल्ल्या अरुंद आहेत. म्हणून फोन केल्याबरोबर एका मुलाने मोठ्या रस्त्यावर जाऊन उभे राहावे आणि गाडीला वाट दाखवावी.

उठल्यानंतरचा धोका

खरी चूक घडते ती माणूस उठून बसल्यावर. ‘झाले, ठीक आहे, लाग कामाला,’ असे मुकादम म्हणतो. कामगारही खाडा पडेल म्हणून उठतो. किंवा त्याला एकट्याला घरी पाठवितात आणि तो रेल्वेच्या गर्दीत पुन्हा कोसळतो. आमचे कळकळीचे सांगणे आहे की घेरी आलेल्या माणसाला त्या दिवशी पुन्हा उन्हात, उंचावर किंवा यंत्रापाशी पाठवू नये, आणि एकट्याने घरी सोडू नये. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडेल हे खरे. हातावर पोट असलेल्याला ती बुडणे सोपे नाही, हेही आम्ही जाणतो. म्हणूनच हा भार त्याच्या एकट्यावर न टाकता सोबत्यांनी मिळून मुकादमाला सांगावे. एकाच्या तोंडून जे गाऱ्हाणे वाटते, ते दहा जणांच्या तोंडून नियम होते.

घेरी येऊच नये म्हणून

नवा कामगार किंवा गावाहून सुट्टी संपवून आलेला कामगार पहिल्या आठवड्यात अधिक जपावा. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी थोडे काम द्यावे व रोज वाढवीत न्यावे. तहान लागण्याची वाट न पाहता दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. जड कामे सकाळी लवकर उरकावीत. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्यांनी ती मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावे.

भगिनींचा प्रश्न वेगळा आहे. कामाच्या जागी संडासाची सोय नसल्याने त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ ह्या चळवळीने हा प्रश्न लोकांपुढे मांडला. पाण्याचे पिंप ठेवले आणि संडास ठेवला नाही, तर ते पाणी स्त्रियांच्या उपयोगाचे नाही, हे मालकांना स्पष्ट सांगावयास हवे.

पाणी, वारा आणि विसावा ही मालकाची मेहेरबानी नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने पिण्याच्या पाण्याची सोय बंधनकारक केली आणि २५० हून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात थंड पाणी देण्यास सांगितले. त्याआधी १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळीत होते, आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही खेळती हवा, तापमान व पिण्याचे पाणी यांची जबाबदारी मालकावर आहे. हक्क कागदावर आहे, तो मागण्यासाठी आधी माहीत असावा लागतो.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

(१) घेरी आलेला माणूस आडवा केल्यावर शुद्धीवर का येतो?
(२) घाम येत असूनही उष्माघात असू शकतो. तो कशावरून ओळखाल?
(३) बेशुद्ध माणसाला पाणी का देऊ नये?
(४) आपल्या घरातील कमावत्या माणसाच्या कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, संडास व प्रथमोपचार पेटी आहे काय? आज रात्री जेवताना विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

चौथ्या प्रश्नाला गुण नाहीत. परंतु त्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ते संस्थेच्या कार्यकर्त्यांना अवश्य कळवा. उन्हाळा येण्यापूर्वी त्यावर काही करता येईल.