लघुग्रहांचे चंद्र : आकाशातला वजनकाटा

दुकानदार साखर काट्यावर ठेवून तोलतो. पण कोट्यवधी किलोमीटर लांब फिरणारा खडक तोलायचा असेल तर? गंमत म्हणजे काही लघुग्रह आपला काटा स्वतःच बरोबर घेऊन फिरतात. तो काटा म्हणजे त्यांचा चिमुकला चंद्र!

असा पहिला पक्का चंद्र सापडला तो योगायोगानेच. गुरूकडे निघालेलं ‘गॅलिलिओ’ यान २८ ऑगस्ट १९९३ रोजी ‘इडा’ या लघुग्रहाजवळून गेलं. यानाची मुख्य अँटेना नीट उघडलीच नव्हती, त्यामुळे फोटो पृथ्वीवर अगदी रखडत पोचले. फेब्रुवारी १९९४ मध्ये ॲन हार्च यांना त्या फोटोंत इडाशेजारी एक ठिपका दिसला. इडाची लांबी जवळजवळ ६० किलोमीटर आणि हा ठिपका जेमतेम दीड किलोमीटरचा! त्याचं नाव ठेवलं ‘डॅक्टिल’.

आता वजनाकडे वळू. मी इंग्लिश मीडियमवाली, त्यामुळे केप्लरचा तिसरा नियम ‘टी स्क्वेअर, आर क्यूब’ असाच मार्कांसाठी घोकला. न्यूटनने या नियमात वस्तुमान आणलं आणि त्याचा काटा झाला :

वस्तुमान = (४ × पायचा वर्ग × अंतराचा घन) ÷ (गुरुत्व स्थिरांक × फेरीच्या काळाचा वर्ग)

कॅल्सी काढा, करूनच बघू. ‘डिडिमॉस’ हा साधारण पाऊण किलोमीटरचा लघुग्रह. त्याचा चंद्र ‘डायमॉर्फस’ सुमारे १५० मीटरचा. दोघांतलं अंतर ११९० मीटर, एका फेरीला ११ तास ५५ मिनिटं, म्हणजे ४२,९०० सेकंद. उत्तर येतं सुमारे ५४ कोटी टन! (खरं तर हे दोघांचं मिळून वजन, पण चंद्राचा वाटा अगदीच थोडा.)

वजन कळलं की आकारमानाने भागायचं आणि घनता काढायची. इथे खरी मजा आहे. १९९८ मध्ये हवाईमधल्या दुर्बिणीतून ‘युजेनिया’ या दोनशेहून जास्त किलोमीटर रुंद लघुग्रहाचा चंद्र सापडला. त्यावरून युजेनियाची घनता निघाली पाण्याच्या सुमारे १.२ पट. साधा दगड पाण्याच्या अडीच-तीन पट जड असतो. मग हा इतका हलका कसा? कारण तो अखंड कातळ नसून आत भरपूर पोकळ्या असणार. डंपरमधून ओतलेला खडीचा ढीग डोळ्यांसमोर आणा, तसंच काहीसं!

हे सगळं कशासाठी, असं विचाराल. आपल्या बुलढाण्यातलं लोणार सरोवर आकाशातून आलेल्या अशाच एका आघाताने तयार झालं. उद्या एखादा खडक पृथ्वीच्या वाटेवर आला, तर त्याला ढकलता येईल का? हे तपासायला २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं ‘डार्ट’ यान सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने डायमॉर्फसवर मुद्दाम आदळवलं. चंद्रच का निवडला? कारण सूर्याभोवती फिरणाऱ्या एकट्या लघुग्रहाच्या वेगातला बारीक फरक मोजणं महाकठीण. चंद्राची फेरी मात्र पृथ्वीवरच्या दुर्बिणींतून मोजता येते. तो डिडिमॉसच्या पुढून-मागून जाताना दोघांचा मिळून येणारा प्रकाश किंचित मंदावतो, झालं!

फेरीत ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी धरणार होते. प्रत्यक्षात फेरी सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाली! यानाच्या धक्क्याबरोबरच, उडालेल्या दगडमातीने उलट्या दिशेने दिलेला रेटाही कामी आला. पण हा रेटा नेमका किती, हे सांगायला डायमॉर्फसचं स्वतःचं वजन हवं. ते मोजायला युरोपचं ‘हेरा’ यान ७ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालं.

म्हणजे बघा, ढकलण्याआधीही वजन हवं आणि ढकलल्यावरही. समोरचा किती जड आहे हे माहीत नसताना दिलेला धक्का हा नुसता अंदाज. पृथ्वी वाचवण्याचं काम अंदाजावर सोडून कसं चालेल?